दोन बटणांचा सचिव

हॉटेलात वेटरने ‘साधा की मसाला’ विचारलं की मी हिच्याकडे बघतो, ही वेटरकडे बघते, वेटर भटारखान्याकडे बघतो आणि शेवटी जे काही टेबलावर येतं ते मी मुकाट्याने खातो. तेव्हा असल्या माणसापुढे कुणी दोन बटणं ठेवू नयेत, एवढीच माझी जगाकडून अपेक्षा. ॲप बनवणाऱ्यांपर्यंत ती पोचलेली नाही. मुलीने बंगळुरूहून फोनवर सांगितलेल्या एकेक पायरीवर पाय ठेवत, ईमेल देऊन, पासवर्ड देऊन, तोच पासवर्ड पुन्हा देऊन, चित्रातले सगळे ट्रॅफिक सिग्नल ओळखून आपण माणूसच आहोत हे सिद्ध करून मी त्या नोट्सच्या ॲपच्या उंबऱ्याशी पोचलो, तर समोर दोन बटणं. डावीकडे ‘वेबवर पुढे जा’, उजवीकडे ‘डेस्कटॉपसाठी डाउनलोड करा’. दोन्ही एकाच मापाची, एकाच निळ्या रंगाची. ‘जरा चहा टाकून येतो,’ असं म्हणून मी उठलो.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी हे लॅपटॉपला सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला ॲप हवंय कशाला? तर मी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचा सचिव आहे. जन्म बँकेत काढला म्हणजे लिहिणं-मांडणं येतच असणार, असा कमिटीने एक अंदाज बांधला आणि माझ्या गळ्यात ते पद घातलं. बँकेत मी आवक-जावक विभागात होतो आणि तिथे माझं मुख्य काम शिक्का मारणं हे होतं, ही बाब मी त्या वेळी सांगू शकलो असतो, पण तोवर टाळ्या वाजल्या होत्या. सहकारी संस्थेच्या सचिवाला किती लिहावं लागतं हे बाहेरच्याला कळायचं नाही. इतिवृत्त पुस्तक वेगळं, सभासदांची ‘आय’ नोंदवही वेगळी, यादीची ‘जे’ नोंदवही वेगळी, शिवाय कुणाचं नॉमिनेशन, कुणाचं लीव्ह अँड लायसन्स, कुणाच्या बाथरूममधून कुणाच्या हॉलमध्ये काय गळतंय त्याचा तपशील, आणि 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. मी हे सगळं हाताला लागेल त्यावर टिपून ठेवायचो: वीजबिलाची पाठ, लग्नपत्रिकेचं पाकीट, मिठाईच्या खोक्याचं झाकण. लिफ्टच्या देखभाल कराराचा ठराव पँटच्या खिशातून इस्त्रीवाल्याकडे गेला आणि तिथून कडक घडी घालून परत आला. आमच्या कारभारात इतकं नीटनेटकं काही त्याआधी झालं नव्हतं.

म्हणून मुलगी म्हणाली, ‘बाबा, तू एक ॲप वापर. फोनवर लिही, लॅपटॉपवर लिही, सगळं एकाच ठिकाणी राहतं.’ ते ‘एकाच ठिकाणी’ मी तेव्हा फारसं तपासलं नाही.

निर्णय घेता आला नाही की मी त्या विषयाचा इतिहास वाचायला घेतो. सोफा घ्यायचा होता तेव्हा मला फर्निचरमधल्या लाकडाच्या सगळ्या जाती पाठ झाल्या होत्या आणि आम्ही अजून दिवाणावर बसतो. चहाचा कप घेऊन परत आलो आणि वाचायला लागलो. सर्नमधल्या टिम बर्नर्स-ली यांनी 1990 साली पहिला ब्राउझर लिहिला, त्यात म्हणे पान वाचताही येत होतं आणि त्यातच लिहिताही येत होतं. पुढच्या ब्राउझरवाल्यांनी वाचायचं तेवढं ठेवलं आणि लिहायचं गाळलं, आणि मग पुष्कळ वर्षांनी ‘आता ब्राउझरमध्ये लिहितासुद्धा येतं’ म्हणून जगाला आनंद झाला. आमच्याकडे जिन्यातल्या दिव्याचंही असंच झालं होतं. आधी होता, मग काढला, मग नवीन बसवला म्हणून उद्घाटन केलं. असो. वननोट 2003 साली ऑफिसबरोबर आलं, तेव्हा ते कॉम्प्युटरवर बसवायचंच प्रकरण होतं. एव्हरनोट 2008 मध्ये आलं, गूगल कीप 2013 मध्ये. ऑब्सिडियन म्हणून एक 2020 मध्ये आलं, त्याला ब्राउझरची आवृत्तीच नाही; नोट्स आपल्याच डिस्कवर साध्या मजकुराच्या फायली म्हणून पडून राहतात. एव्हरनोटने 2023 च्या डिसेंबरात फुकट्या गिऱ्हाइकांना पन्नास नोट्स आणि एक वही एवढ्यावर आणलं हे वाचून मी मनातल्या मनात हसलो, कारण पन्नास नोट्स आमच्याकडे नुसत्या पार्किंगवर होतात.

‘अहो, एक वाजला,’ आतून आवाज आला. ‘ठरलं का काही?’

‘ऑब्सिडियनला ब्राउझरची आवृत्ती नाही.’

‘मग आता?’

‘पण आपण ऑब्सिडियन घेतलेलंच नाही.’

यावर दिवा मालवला गेला. मी अंधारात डावीकडचं बटण दाबलं, कारण बाण तिथेच होता.

ब्राउझरमधलं ॲप उघडलं आणि मला फार बरं वाटलं. काही बसवायला नको, डिस्कवर जागा खायला नको, कुठल्याही कॉम्प्युटरवर बसा, नाव-पासवर्ड टाका, आपल्या नोट्स हजर. मी उत्साहाने लिहिलं, ‘टाकी धुणे.’ आणि बँकेतल्या जुन्या धाकाने कंट्रोल-एस दाबलं. हे ॲप प्रत्येक अक्षर आपोआप साठवत होतं, त्याला कंट्रोल-एसची काहीच गरज नव्हती, म्हणून ती आज्ञा ब्राउझरने स्वतःवर घेतली आणि विचारलं, हे पान कुठे साठवू? मी डाउनलोड्स म्हटलं. दर दोन ओळींनी म्हटलं. काही दिवसांनी भाच्याने तो फोल्डर उघडला तेव्हा त्यात त्या ॲपची पानंच्या पानं, चित्रांच्या उपफोल्डरांसकट, एकाखाली एक रचलेली होती आणि बहुतेक पानांवर ‘टाकी धुणे’ एवढाच मजकूर होता. ‘मामा, टाकी धुतली का शेवटी?’ त्याने विचारलं. नव्हती.

मग नवीन नोट करायला मी कंट्रोल-एन दाबलं. मदतीच्या पानावर तसंच लिहिलं होतं, फक्त ते डेस्कटॉप आवृत्तीबद्दल होतं हे वरच्या ओळीत लिहिलं होतं आणि वरची ओळ मी सहसा वाचत नाही. ब्राउझरमध्ये कंट्रोल-एन म्हणजे नवीन खिडकी. ते बटण ब्राउझरने स्वतःसाठी राखून ठेवलेलं असतं, आतल्या पानाने कितीही हात पुढे केला तरी त्याला ते मिळत नाही. मी दाबत गेलो, खिडक्या उघडत गेल्या, आणि जास्तीच्या खिडक्या मिटवायला कंट्रोल-डब्ल्यू दाबायला लागलो, तर लिहीत होतो तीही मिटली. मिटलेली खिडकी कंट्रोल-शिफ्ट-टीने परत येते हे मला मुलीने फोनवर शिकवलं. तिथून पुढे मी जे काही मिटवलेलं होतं ते सगळं परत यायला लागलं.

टॅबचा एक वेगळाच ताप. वीजबिल, लोकलचं वेळापत्रक, हिने उघडून ठेवलेली मुगाच्या बिरड्याची कृती, म्युच्युअल फंडाचं काहीतरी, असे टॅब वाढत गेले की प्रत्येकाची रुंदी कमी होत जाते आणि शेवटी नुसतं एक इवलं चित्र उरतं. कमिटीच्या बैठकीत चेअरमनसाहेब म्हणाले, ‘सचिव, मागचा ठराव दाखवा,’ मी लॅपटॉप सगळ्यांकडे फिरवला आणि आत्मविश्वासाने एका चित्रावर टिचकी मारली, तर पडद्यावर मोठ्या ठळक अक्षरात ‘मूतखड्यावर घरगुती उपाय’. ठराव बाजूला राहिला. सगळ्यांनी माझी आस्थेने चौकशी केली, कुणी आपल्या मेहुण्याचं ऑपरेशन सांगितलं, आणि खजिनदार दुसऱ्या दिवशी सकाळी किलोभर कुळीथ घेऊन दारात उभे. मला मूतखडा नाही. तो टॅब कशाचा ते मला आजही आठवत नाही. कुळीथ संपले.

झेरॉक्सच्या दुकानातली गोष्ट मात्र मी सावकाश सांगतो. इतिवृत्ताची प्रत छापायची होती, आमचा प्रिंटर कागद ओढायचं सोडून कण्हायला लागला होता, आणि ‘कुठल्याही कॉम्प्युटरवर बसा’ हे मला पटलेलंच होतं. नाक्यावरच्या दुकानात बसलो, नाव-पासवर्ड टाकला, छापलं, सुटे पैसे दिले, घरी आलो. लॉगआउट म्हणून एक गोष्ट असते, ती माझ्या लक्षात रात्री वरण-भात कालवताना आली. त्या नोट्समध्ये इतिवृत्त होतं हे खरं, पण ‘सभासदांशी कसे वागावे’ अशी एक खासगी नोटही होती. तिच्यात चेअरमनसाहेबांपुढे लिहिलं होतं, ‘आधी हो म्हणावे, मग विसरावे.’ खजिनदारांपुढे लिहिलं होतं, ‘जिलबी.’ आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांपुढे लिहिलं होतं, ‘पाण्याचा विषय काढू देऊ नये.’ माझ्यामागून त्याच खुर्चीवर वीजबिल छापायला कोण येऊन बसलं असेल? तिसऱ्या मजल्यावरचे काका. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. लिफ्ट हलली तसं काकांनी घसा साफ केला आणि अत्यंत अदबीने विचारलं, ‘सचिवसाहेब, पाण्याचा विषय काढू का?’

मी सेटिंगमध्ये जाऊन ‘सगळ्या ठिकाणांहून लॉगआउट’ हे बटण दाबलं. त्यात आमचं घरही आलं.

ब्राउझरवरचा माझा विश्वास उडाला तो मात्र भाच्याच्या एका सल्ल्याने. ‘मामा, ब्राउझर हळू चालतोय, अधूनमधून साफ करत जा,’ असं तो सहज म्हणाला. घरात साफसफाई म्हटलं की मला कोपराही सोडलेला चालत नाही, एवढी एकच शिस्त मला आईने लावली. त्या यादीत कॅशे होतं, कुकीज होत्या, साइटचा डेटा होता, आणि वर ‘किती काळाचं’ असा प्रश्न होता. मी सगळ्या चौकोनांत खुणा केल्या आणि काळ ‘सर्व’ निवडला. आता आदल्या संध्याकाळी नेट गेलं होतं आणि प्लंबरने बसून सांगितलेला सगळा हिशोब, कुठे किती इंची पाइप, किती एल्बो, किती मजुरी, मी त्या काळातच लिहून घेतला होता. नेट नसताना वेबवाली नोट ब्राउझरच्याच एका कप्प्यात थांबते, आणि नेट आल्यावर पुढे जाते. मी ते पुढे जायच्या आधीच झाडू मारला. नंतर प्लंबरने पुन्हा आकडे सांगितले. ते पहिल्यापेक्षा मोठे होते असं मला वाटतं, पण पहिले कुठे आहेत?

तेव्हा मी उजवीकडचं बटण दाबलं.

डेस्कटॉपवाल्याने मात्र पहिल्याच दिवशी घरात बस्तान बसवलं. लॅपटॉप सुरू केला की माझ्या परवानगीची वाट न बघता हा आधीच सुरू. माझा लॅपटॉप चार जीबीचा, त्यात हा आणि ब्राउझर दोघं एकदम उभे राहिले की पंखा असा काही गरगरायचा की ही स्वयंपाकघरातून ‘कुकर बंद करा’ म्हणायची. पण एक कबूल करायला हवं, इथे कंट्रोल-एन दाबलं की खरोखर नवीन नोट यायची. अडचण एवढीच की तोवर मला कंट्रोल-एन म्हणजे नवीन खिडकी ही सवय लागली होती, त्यामुळे काहीतरी शोधायला म्हणून मी दाबायचो आणि ‘शीर्षक नाही’ नावाची कोरी नोट जन्माला यायची, तिच्यात मी ‘ठाणे कोर्ट वेळ’ किंवा ‘गॅस सिलेंडर नंबर’ असं लिहून उत्तराची वाट बघत बसायचो. आजही त्या नोट्स आहेत. उत्तर आलेलं नाही.

मधल्या काळात तिसरा एक प्रकार घरात शिरला. ब्राउझरच्या मेनूत ‘हे पान ॲप म्हणून इन्स्टॉल करा’ असं काहीतरी असतं, ते माझ्याकडून कधी दाबलं गेलं कोण जाणे. खालच्या पट्टीवर आता एकाच निळ्या चित्राची तीन भावंडं उभी. एक ब्राउझरातलं, एक डेस्कटॉपचं, आणि एक दिसायला डेस्कटॉपचं पण मुळात ब्राउझरातलंच. मी कुठल्याही वेळी नेमका कशात लिहितोय हे मला माहीत नसायचं. विचारायची सोय नव्हती.

भाचा संगणक शिकलेला आहे. एका रविवारी पोह्यांची बशी हातात घेऊन तो शेजारी बसला आणि मी आपली सगळी तात्त्विक कोंडी त्याच्यापुढे मांडली: वेब की डेस्कटॉप? त्याने पोहे संपवले, लिंबाची फोड बशीत पिळली, आणि म्हणाला, ‘मामा, तुमचं डेस्कटॉपवालं आहे ना, ते आतून ब्राउझरच आहे.’

मला वाटलं लिंबू बाधलं.

‘खरंच. इलेक्ट्रॉन म्हणून एक सांगाडा असतो. क्रोम ज्या क्रोमियमवर चालतो तेच क्रोमियम पूर्ण आत भरायचं, वरची पत्त्याची पट्टी काढून टाकायची, बाजूला एक निळं चित्र लावायचं, झालं डेस्कटॉप ॲप. ते स्लॅक, ते डिस्कॉर्ड, व्हीएस कोड, तुम्ही रात्रभर वाचलंत ते ऑब्सिडियनसुद्धा, सगळे त्यावरच.’ हा सांगाडा 2013 साली गिटहबने आपल्या ॲटम नावाच्या एडिटरसाठी बांधायला घेतला, तेव्हा त्याचं नाव ॲटम शेल. 2015 मध्ये बारसं होऊन इलेक्ट्रॉन झालं. ज्याच्यासाठी बांधला तो ॲटम 2022 च्या डिसेंबरात बंद झाला, आणि सांगाडा मात्र घरोघरी. म्हणजे एकाच विहिरीवर दोन रहाट बसवलेले, आणि कुठल्या रहाटाचं पाणी गोड यावर मी रात्री एक वाजेपर्यंत अभ्यास केलेला. आणि चार जीबीच्या लॅपटॉपवर मी एक ब्राउझर बंद करून दुसरा ब्राउझर उघडत होतो, वाचवत होतो काय, तर काही नाही.

याचा पुरावा आमच्या सोसायटीच्या कार्यालयातच उभा होता. तिथला कॉम्प्युटर कुणीतरी घर सोडताना दान दिलेला, विंडोज 7 वाला. त्याच्यावर डेस्कटॉप आवृत्ती बसेना, आणि क्रोम उघडला तर तोही 109 व्या आवृत्तीवर अडून बसलेला, वरून ‘यापुढे अपडेट मिळणार नाही’ अशी पिवळी पट्टी. मी समजत होतो की दोघांनीही स्वतंत्रपणे आमच्या सोसायटीवर बहिष्कार टाकलाय. भाचा म्हणाला, 2023 च्या सुरुवातीला क्रोमियमने विंडोज 7 चा हात सोडला तेव्हा त्याला पोटात घेऊन बसलेल्या इलेक्ट्रॉनलाही तो सोडावा लागला. जुना क्रोम वेबवालं ॲप कसंबसं, कुरकुरत उघडायचा, हा एक उपकार. त्या कुरकुरण्यावर पुढे माझं बरंच काही अवलंबून राहणार होतं.

‘मग फरक काहीच नाही?’ मी विचारलं.

‘आहे ना. नोट कुठे थांबते तो फरक. डेस्कटॉपवाल्याची प्रत तुमच्या डिस्कवर, वेबवाल्याची मुख्यतः त्यांच्या सर्व्हरवर. आणि दोन्हीकडे एकदम लिहू नका.’

शेवटचं वाक्य तो उठता उठता बोलला. महत्त्वाची माणसं महत्त्वाची वाक्यं उठतानाच का बोलतात?

शोधण्याची गंमत तर विचारू नका. ‘दुसऱ्या’ या शब्दातला तो ऱ्या आहे ना, तो कॉम्प्युटरच्या पोटात दोन निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिता येतो. दिसतो हुबेहूब एकच, पण फोनचा कीबोर्ड एका तऱ्हेने लिहितो आणि माझ्या लॅपटॉपवरचा दुसऱ्या, आणि ॲपच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. फोनवर लिहिलेली ‘दुसऱ्या मजल्यावरील गळती’ मी लॅपटॉपवर शोधली की सापडायची नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना मी सांगितलं, तुमची गळती नोंदीतच नाही. ‘भिंतीत आहे,’ त्या म्हणाल्या.

आता गच्चीच्या किल्लीकडे येतो. गच्चीची किल्ली कुणाकडे असावी हा आमच्याकडचा मूलभूत प्रश्न, त्यावर अभिहस्तांतरणापेक्षा जास्त चर्चा झालेली आहे. पापड वाळवणारे एका बाजूला, रात्री गच्चीवर फोनवर बोलणाऱ्या मुलांचे आईबाप दुसऱ्या बाजूला. त्यासाठी खास विशेष सर्वसाधारण सभा बोलावली, खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून. पार्किंगमध्ये घरचं वाय-फाय पोचत नाही. मी लॅपटॉपवर, डेस्कटॉपवाल्यात, सकाळी तयार केलेल्या नोटमध्ये लिहीत होतो. पहिल्या फेरीत हात वर झाले आणि मी लिहिलं, ‘किल्ली वॉचमनकडे राहील, ठराव सर्वानुमते मंजूर.’ मग वडे आले. वडे खाताना चेअरमनसाहेब तीन-चार जणांशी कानात बोलले, आणि वड्यांनंतर विषय पुन्हा उघडला गेला. तेवढ्यात लॅपटॉपची बॅटरी संपली. मी चपळाईने (मला स्वतःचं कौतुक वाटलं) फोन काढला, ब्राउझरमध्ये तीच नोट उघडली, तिच्यात अर्थात सकाळची विषयपत्रिकाच होती, आणि सुरुवातीपासून पुन्हा लिहून काढलं, ‘किल्ली चेअरमनसाहेबांकडे राहील, ठराव सर्वानुमते मंजूर.’

काही दिवसांनी लॅपटॉप घरी नेटला जोडला तेव्हा ॲपच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका आला: ‘1 कॉन्फ्लिक्ट’. मला वाटलं, एकच? ॲपला आमची सोसायटी अजून नीट कळलेली नाही. मी ठिपका मिटवला. वास्तविक बिचाऱ्याला एवढंच सांगायचं होतं की एकाच नोटच्या दोन निरनिराळ्या प्रती झाल्यात, कुठली खरी ते मला ठरवता येत नाही, तेव्हा दोन्ही ठेवतोय, सवडीने बघा. म्हणजे दोन बटणांपुढे उभं राहिल्यावर ॲपचंही माझ्यासारखंच होतं. मला त्याच्याबद्दल एक प्रकारचा जिव्हाळा वाटायला लागला तो तेव्हापासून.

सप्टेंबरात वार्षिक सभा. आदल्या दिवशी मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो, या वेळी इन्कॉग्निटो खिडकी उघडली, छापून झाल्यावर ती मिटली, काउंटरवरून परत येऊन पुन्हा एकदा मिटलेली आहे ना ते बघितलं, आणि इतिवृत्ताच्या प्रती घरोघरी वाटल्या. सभेत पहिला विषय, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ मी लॅपटॉप उघडला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. ब्राउझरमध्ये नोट्स बदललेल्या तारखेने लागत होत्या आणि डेस्कटॉपवर तयार केलेल्या तारखेने, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की मी ‘वॉचमनकडे’ म्हणालो आणि पुढच्या तीन रांगांनी एकदम हातातल्या कागदाकडे पाहिलं.

‘पुन्हा वाचा,’ चेअरमनसाहेब म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. वॉचमनही लांबून ऐकत होता. त्याने खुर्ची जवळ ओढली.

पुढच्या तासाभरात काय झालं त्याचं वर्णन माझ्याकडून व्हायचं नाही, कारण मी त्याचं इतिवृत्त घेत होतो. एक गट म्हणाला, कागदावर छापलेलं खरं. दुसरा गट म्हणाला, कागद काय कुणीही छापतं, मशीनमधलं खरं. मी मध्ये समजवायला गेलो की दोन्ही मशीनमधलंच आहे, फक्त एक वेबवरचं आणि एक डेस्कटॉपवरचं, आणि तसं पाहिलं तर डेस्कटॉपसुद्धा आतून ब्राउझरच असतो. यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ‘पाण्याचा विषय घ्या’ असं जाहीर केलं आणि त्यांना टाळ्या पडल्या. ज्या सभेत स्वतः हात वर केले होते त्या सभेत काय ठरलं होतं, हे एकालाही आठवत नव्हतं. वडे मात्र सगळ्यांना आठवत होते. शेवटी दोन्ही प्रती मतास टाकून दोन्ही बहुमताने कायम करण्यात आल्या. आता गच्चीला दोन कुलपं आहेत, एक वॉचमनचं, एक चेअरमनसाहेबांचं, आणि पापड खिडकीत वाळतात.

या सगळ्यानंतर मी राजीनामा द्यायचं ठरवलं. लिहायला म्हणाल तर तो मला फार छान साधला. रात्री बसून, मन लावून, ‘माझ्या अल्पमतीनुसार’ वगैरे शब्द घालून, इतिवृत्तात आजवर कधी आली नाही अशी भाषा वापरून मी तो लिहिला, मोठ्याने वाचला, हिला ऐकवला. ‘चांगला लिहिलाय,’ ही म्हणाली, ‘ठेवा जपून.’ पाऊस पडत होता आणि कुठेतरी केबल तुटून नेट गेलं होतं, पण डेस्कटॉपवाल्याला त्याने काय फरक पडतो? लिहिलेलं डिस्कवर बसलेलं. लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी मुलगी चार दिवसांसाठी आलेली परत निघाली, तिचा लॅपटॉप बिघडला होता, म्हणून माझा घेऊन गेली. गाडीत उघडेन म्हणाली.

त्याच सकाळी कार्यालयात कमिटीची बैठक. विषय क्रमांक एक, सचिवांचा राजीनामा. मी उभा राहिलो, दोन शब्द बोललो, आणि विंडोज 7 समोर बसून नाव-पासवर्ड टाकला. जुना क्रोम कुरकुरला, पिवळी पट्टी दाखवली, पांढरं पान बराच वेळ धरून ठेवलं, आणि मग सगळ्या नोट्स एकेक करून पडद्यावर आणल्या. टाकी धुणे. शीर्षक नाही. शीर्षक नाही. ठाणे कोर्ट वेळ.

‘कुठे आहे राजीनामा?’ चेअरमनसाहेबांनी चष्मा वर केला.

‘डेस्कटॉपवर आहे.’

त्यांनी टेबलावर पाहिलं. मग खजिनदारांनी टेबलाखाली पाहिलं.

‘म्हणजे तो लॅपटॉपच्या डेस्कटॉपवाल्यात आहे. लॅपटॉप गाडीत आहे. मुलीने उघडला आणि नेट मिळालं, की इथे दिसेल.’

‘गाडी कुठली?’

‘उद्यान एक्सप्रेस.’

कमिटी बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. खजिनदारांनी मध्येच जिलब्या मागवल्या. कुणीतरी म्हणालं की लोणावळ्याच्या घाटात रेंज नसते. कुणीतरी म्हणालं, या सगळ्या नोंदी नेमक्या कशा-कशात आहेत हे एकट्या सचिवांनाच ठाऊक, नवीन माणसाला समजवायला वर्ष जाईल. कर्जतच्या पुढे गाडी गेली असेल अशा सुमारास चेअरमनसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि राजीनामा प्राप्त न झाल्याने विषय पुढील सभेपर्यंत तहकूब केला.

‘लिहून घ्या, सचिव,’ ते म्हणाले. ‘विषय क्रमांक दोन. टाकी धुणे.’